कोल्हापूर ते मेलबर्न: घरसामानाच्या समुद्री रवानगीच्या नोंदी

२१ एप्रिल

राजारामपुरीतलं घर, चौघांचं कुटुंब, त्यांच्या सामानाच्या रवानगीचं काम हाती घेतलं. फ्लॅट ३० जूनला ताब्यात द्यायचा, त्यानंतर मुक्काम घरातल्या वहिनींच्या थोरल्या दिरांकडे, १२ जुलैला विमान. सामान न्हावा शेव्याहून जहाजाने मेलबर्नला.

वेळापत्रक शेवटाकडून मांडायला घेतलं. मेलबर्नच्या घरी सामान १२ सप्टेंबरपर्यंत पोचायला हवं. त्याआधी तिकडची कस्टम्स आणि जैवसुरक्षा तपासणी, तीन आठवडे. त्याआधी बंदरातून गोदामात येऊन कंटेनर रिकामा व्हायला एक आठवडा. म्हणजे जहाज १४ ऑगस्टच्या सुमारास लागलं पाहिजे. वाटेत एकदा माल दुसऱ्या जहाजावर चढणार, तो प्रवास ३५ दिवसांचा धरला, की सुटण्याची तारीख १० जुलै. न्हावा शेव्याच्या गोदामात माल पोचवण्याची शेवटची मुदत ४ जुलै. पॅकिंग २४ ते २६ जून, ट्रक २६ च्या रात्री.

एजंटकडे चौकशी केली की "तीस-पस्तीस दिवस" एवढंच उत्तर मिळतं. ते फक्त पाण्यावरचे दिवस. दारापासून दारापर्यंत अकरा-बारा आठवडे होतात, आणि जास्तीचे सगळे दिवस जमिनीवर जातात. त्यातलेही बरेचसे आपल्या यादीवर अवलंबून असतात. म्हणून जहाजाच्या तारखेआधी यादी पक्की करायची, हा या कामाचा क्रम राहील.

२४ एप्रिल

घरी जाऊन मोजमाप. अंदाज पाच ते सहा घनमीटर. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर असते, त्यामुळे पूर्ण कंटेनर घेण्यात अर्थ नाही. एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये, हे नक्की. साधारण पंधरा घनमीटरच्या आसपास गेल्यावर मात्र पूर्ण कंटेनरचा दर मागवून पाहायचा.

एलसीएलचं भाडं घनमीटर किंवा टन, यांतलं जे जास्त भरेल त्यावर लागतं. घरसामान एका घनमीटरला एक टन कधीच भरत नाही, म्हणजे पैसे जागेचे, वजनाचे नाहीत. वहिनींनी तांब्याचा हंडा आणि दोन घागरी "जड आहेत" म्हणून बाजूला काढल्या होत्या, त्या परत यादीत घेतल्या. उलट उशा, गाद्या आणि प्लास्टिकची कपाटं सगळ्यात महाग पडतात. घागरीच्या पोटात टॉवेल भरायचे, मात्र यादीत "तांब्याची घागर १, आत टॉवेल ४" असं लिहायचं. तपासणीत न लिहिलेली वस्तू निघाली की संशय सगळ्या खोक्यांवर जातो.

दर मागवताना तिकडच्या गोदामाचं आणि बंदराचं शुल्क लेखी मागितलं. एलसीएलमध्ये इथलं भाडं स्वस्त दाखवून तिकडचं बिल फुगवण्याची पद्धत सर्रास आहे.

३० एप्रिल

काय न्यायचं नाही, याची यादी. हीच सगळ्यात वेळखाऊ बैठक झाली आणि तसंच व्हायला हवं.

ऑस्ट्रेलिया खापरा भुंग्याला फार घाबरतो. हा साठवणीच्या धान्याचा किडा. त्याची अळी फटीत लपते आणि खायला काही नसलं तरी वर्षानुवर्षं तग धरते. २०२० पासून मागाहून येणाऱ्या घरसामानात तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, चवळी, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या यांना तिथे बंदी आहे. म्हणून आपला नियम सोपा ठेवला: खाण्याची एकही वस्तू कंटेनरमध्ये नाही. कांदा-लसूण मसाला, गूळ, चटण्या सगळं बाहेर. दळलेला मसाला चालेल का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा तेवढी जागा पुस्तकांना द्यावी.

धान्य न्यायचं नाही हे सगळ्यांना पटतं. अडचण होते ती धान्याच्या खुणांची. घरघंटी रद्द केली, कारण जात्याच्या आजूबाजूचं पीठ पूर्ण निघत नाही. मिसळणाच्या डब्याच्या कडेखाली मोहरी, मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखाली वाटण, कणकेच्या डब्याच्या दुमडीत पीठ, लाकडी पोळपाटाच्या चिरेत पिठी. देवघराच्या खणात अक्षता असतात, म्हणजे तांदूळ. सूप, रोवळी, बांबूच्या टोपल्या, शिंदीची केरसुणी इथेच राहणार. बांबूत भुंग्याची भोकं हमखास असतात आणि भोक दिसलं की धुरी किंवा नष्ट करणं, दोनच वाटा.

पाटा-वरवंट्याला हरकत नाही, पण टाकीच्या (छिन्नीच्या) खाचांतून ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून. कोल्हापुरी चपला कमावलेल्या चामड्याच्या, त्या चालतात, तळाला माती नको. मुलाचे फुटबॉलचे बूट आणि बागेतली खुरपी यांना माती चिकटलेली असते. बूट धुऊन न्यायचे, खुरपी नाही.

पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या, इन्व्हर्टरची बॅटरी, स्प्रेचे डबे, नेलपॉलिश हा धोकादायक माल ठरतो. त्यासाठी वेगळी कागदपत्रं लागतात आणि घोषित न करता टाकलं तर अख्ख्या कंटेनरचा खोळंबा. गॅसची शेगडी तिथल्या जोडणीला चालणार नाही. मिक्सर मात्र चालतो, तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, फक्त प्लग बदलायचा.

५ मे

आपल्या बाजूचे कायदे. देवघरातल्या दोन पितळी मूर्ती "पणजोबांच्या वेळच्या" असं घरातून सांगण्यात आलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ती मर्यादा ७५ वर्षं. वस्तू तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी वस्तू दाखवावी लागते आणि तो वेळ या वेळापत्रकात बसत नाही. मूर्ती आणि मोडीतले कागद थोरल्या दिरांकडे राहतील. कागदांचे फोटो काढून घेतले.

शिसवीचं जुनं कपाटही इथेच. शिसवीच्या जाती २०१७ पासून सायटिस, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आल्या, मोठ्या वस्तूला परवान्याचे कागद जोडावे लागतात. देवघर सागवानी आहे, त्याला ही अडचण नाही. मोरपिसांचा पंखा काढला, मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे.

१२ मे

ऑस्ट्रेलियन कस्टम्सचा बी५३४ फॉर्म वाचून काढला. घरसामान शुल्काविना सोडवायचं तर वस्तू स्वतःच्या मालकीची आणि किमान १२ महिने वापरलेली हवी. निघण्याआधी "तिकडे लागेल" म्हणून नवा कुकर, नवे पडदे, पैठणी घेण्याचा बेत होता, तो रद्द. मागच्या वर्षभरात घेतलेल्या चार वस्तू बिलांसह वेगळ्या मांडल्या.

फॉर्ममध्ये मालकाच्या आगमनाची तारीखही लागते, म्हणून माल आधी आणि माणूस मागून असं होऊ द्यायचं नाही. इथे १३ जुलैला कुटुंब पोचणार, माल ऑगस्टमध्ये. बरोबर बसतं.

जुलैत मेलबर्नला कडाक्याची थंडी असते. स्वेटर, जाकिटं, रजई विमानाच्या बॅगांत जातील. कोल्हापुरात जूनमध्ये पॅक करताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही आणि गरम कपडे हमखास कंटेनरच्या तळाशी जातात. शाळेचे दाखले, लसीकरणाची कागदं आणि दागिनेही हातातल्या सामानात.

२६ मे

क्रेट. दोन वस्तूंना लाकडी पेटी लागेल: सागवानी देवघर आणि मिरजेचा तंबोरा. पॅकिंगचं कच्चं लाकूड आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया केलेलं हवं: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं, नाहीतर धुरी, आणि वर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून फौंड्रीचा माल परदेशी जातो, त्यामुळे शिक्क्याचं लाकूड इथे मिळतं. सुताराने स्वस्तात आणलेलं बाभळीचं किंवा आंब्याचं फळकूट वापरायचं नाही, साल राहिलेलं तर अजिबात नाही. बाजू प्लायवूडच्या, फक्त चौकट शिक्क्याच्या लाकडाची. प्लायवूडला हा नियम लागत नाही. शिक्का बाहेरून, दोन समोरासमोरच्या बाजूंना दिसला पाहिजे. कापताना तो तुकड्यात गेला तर लाकूड बिनशिक्क्याचं धरतात.

मापं ठरवली: देवघर ९० × ६० × १२० सेंमी, तंबोरा १५० × ५५ × ५० सेंमी. दोन्ही मिळून १.०६ घनमीटर.

तंबोऱ्याचा भोपळा हा कवचासारखा पातळ असतो आणि तारांचा ताण तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, सतत असतो. तारा सैल करायच्या. ताण गेला की घोडी, म्हणजे तारांखालचा आधार, निसटते, म्हणून ती काढून कापडात गुंडाळून पेटीतच बांधायची. भोपळ्याखाली फोमचं कोंडाळं, मानेखाली दोन आधार, आणि भोपळा पेटीच्या कुठल्याही भिंतीला टेकता कामा नये. पेंढा भरायचा नाही. पेंढ्याला तिकडे मनाई आहे.

३ जून

पावसाचा विचार. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. जूनअखेरीस तो धोका कमी, पण तारीख घसरून जुलैच्या शेवटी गेली तर तो खरा होतो. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या वळवण्यांतही वेळ जातो. ट्रक बंद बॉडीचाच घ्यायचा, ताडपत्रीचा नाही. ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी घाटाच्या चढावर मागे ओघळतं आणि शेवटची रांग भिजते.

१० जून

विमा. पॅकर्सनी बांधलेल्या खोक्यांना मोडतोडीचं संरक्षण मिळतं. मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्यांना बहुतेक पॉलिसींत ते नसतं, फक्त खोकं हरवलं तरच भरपाई. म्हणून काच, चिनी माती आणि समया पॅकर्सकडे, कपडे-पुस्तकं घरच्यांकडे. यादीत प्रत्येक वस्तूची बदली किंमत लिहिली, "जुनं आहे, शंभर रुपये" असं नाही.

"जहाज काही बुडत नाही" असं म्हणून विमा टाळणाऱ्यांना जनरल अॅव्हरेज समजावून सांगावं लागतं. जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांत वाटला जातो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हनवर तेच जाहीर झालं. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते, नसेल तर आपला हिस्सा भरेपर्यंत माल सुटत नाही.

२४–२६ जून

पॅकिंग. खोकी तीन मापांची: पुस्तकांना १८ × १२ × १२ इंच, म्हणजे दीड घनफूट, मधली तीन घनफुटांची, मोठी १८ × १८ × २४ इंच, साडेचार घनफुटांची. सगळी पाच पदरी. पुस्तकांच्या खोक्यात १७-१८ किलोंवर भरायचं नाही. तळाला तीन पट्ट्या टेप, मधल्या सांध्यावर आणि दोन्ही कडांवर.

भांडी चिंचेने घासली होती. एक दिवस पंख्याखाली वाळवूनही हंड्याच्या गळ्याच्या आत दमटपणा होता, तो हेअर ड्रायरने काढला. छापील वर्तमानपत्र तांब्याला लावायचं नाही, ओल आली की शाईचे डाग उमटतात. कोरा न्यूजप्रिंट वापरला. समुद्रावर दिवसा कंटेनर तापतो, रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या हवेतली वाफ छतावर जमून थेंब पडतात. म्हणून मोठ्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या. देवघराला थेट प्लास्टिक गुंडाळलं नाही, आधी कागद, मग बाहेरून स्ट्रेच फिल्म. कोल्हापूरच्या जूनमध्ये लाकडात असलेली ओल प्लास्टिकात कोंडली तर बुरशी धरते.

स्वयंपाकघराची खोकी बंद करण्याआधी प्रत्येक डबा उघडून, अरुंद तोंडाच्या व्हॅक्यूमने कडा साफ. मिसळणाच्या डब्याच्या एका वाटीखाली जिऱ्याचे दाणे निघालेच.

यादी "स्वयंपाकघर सामान" अशी चालत नाही. खोकं २२ ची नोंद: "स्टीलचे डबे ७, रिकामे, धुतलेले, पितळी पातेली ३, लाकडी पोळपाट १, लाटणी २, मिक्सरची भांडी ३." प्रत्येक खोक्याचा क्रमांक तीन बाजूंना.

मोजणी: लहान १४, मधली १८, मोठी २२, क्रेट २. एकूण ५६ नग, साधारण ६ घनमीटर. गोदामात टेप बाहेरच्या फुगवट्यावर लावतात, म्हणून बिल त्याहून थोडं जास्त येईल असं कुटुंबाला आत्ताच सांगितलं.

२७ जून – २ जुलै

ट्रक सकाळी न्हावा शेव्याच्या सीएफएसमध्ये, म्हणजे जिथे एलसीएल माल कंटेनरमध्ये भरतात त्या गोदामात. मोजणीत ६.३ घनमीटर भरलं.

कस्टम ब्रोकरकडे द्यायचे कागद: पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती, पॅन, सविस्तर यादी, अधिकारपत्र. मूळ पासपोर्ट दाखवायला सांगू शकतात, म्हणून हे काम विमानाच्या तारखेच्या बरंच आधी उरकायचं. हीच या वेळापत्रकातली सगळ्यात ताठ गाठ. माल गोदामात आणि पासपोर्ट परदेशात असं झालं तर नुसती पत्रापत्री होते आणि गोदामभाडं चढत राहतं. अधिकाऱ्यांनी खोकी ७, २२ आणि ४० उघडली, यादीशी ताडली. २ जुलैला निर्यातीची परवानगी मिळाली. उघडलेली खोकी नव्या टेपने बंद करून फोटो घेतले.

७ जुलै

जहाज १० ऐवजी १५ जुलैला सुटणार असं कळवण्यात आलं. ही नेहमीची गोष्ट. पण एक परिणाम आहे: बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा, मसुदा आता कुटुंब विमानात असताना किंवा नुकतंच उतरलेलं असताना येईल, आणि तो तपासायला एखादाच दिवस देतात. त्यासाठी कोल्हापुरातल्या मेहुण्यांना लेखी अधिकार दिला. तपासायचं काय, हेही लिहून दिलं: नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर, नग ५६, वजन, "वापरलेलं घरगुती सामान" हे वर्णन, तिकडचा पत्ता. मोबाईल नंबर अजून नाही, म्हणून ईमेल ठळक.

१४ जुलै

मसुद्यात आडनावातलं एक अक्षर चुकलेलं आणि नग ५५. मेहुण्यांनी दुपारपर्यंत दुरुस्त करून घेतलं. जहाज सुटल्यावर हीच दुरुस्ती पैसे देऊन करावी लागते आणि तिकडे नाव जुळत नाही म्हणून फॉर्म अडकतो. भाडं इथेच भरलं आणि बिल टेलेक्स रिलीज करून घेतलं, मूळ कागद कुरिअरने पाठवण्याची गरज उरली नाही.

१८ ऑगस्ट

मलेशियातल्या पोर्ट क्लांग बंदरात पुढच्या जहाजात जागा मिळेपर्यंत कंटेनर पडून होता. आता मेलबर्नची तारीख २७ ऑगस्ट. वाट पाहत बसण्यात अर्थ नाही: बी५३४, पासपोर्टची प्रत, यादी आणि बिल ऑफ लेडिंग तिकडच्या एजंटकडे आजच दिले. जहाज लागल्यावर कागद गोळा करायला घेतले की तपासणीच्या रांगेत तेवढंच मागे पडतं, आणि गोदामातले मोफत दिवस मात्र रांगेची वाट पाहत नाहीत.

१० सप्टेंबर

२ सप्टेंबरला माल गोदामात मोकळा झाला, आज जैवसुरक्षा तपासणी. शुल्क पंधरा मिनिटांच्या हिशोबाने लागतं, त्यामुळे यादी नेमकी असली की पैसेही वाचतात. स्वयंपाकघराची चार खोकी, बुटांचं खोकं आणि दोन्ही क्रेट पाहिले. पोळपाट, पाटा, चपला, तंबोऱ्याचा भोपळा सगळं पास.

अडलं ते खोकं ३१. वर लिहिलेलं "पूजेचं साहित्य", आत घरी वळलेल्या कापसाच्या वातींची पिशवी आणि वातींत सरकीचे दाणे. यादी बंद झाल्यावर ते खोकं घरी पुन्हा उघडून पिशवी टाकली गेली होती. प्रक्रिया करायची की नष्ट, असा पर्याय दिला. नष्ट करायला लगेच संमती कळवली, उरलेलं सामान सुटलं. पुढच्या कामांत बंद झालेल्या खोक्यावर सहीची पट्टी लावायची, म्हणजे पुन्हा उघडलेलं कळेल.

१७ सप्टेंबर

घरी पोच. जहाज तेरा दिवस उशिरा लागलं, सामान ठरल्यापेक्षा पाच दिवस उशिरा. मधले दिवस आधी दिलेल्या कागदांनी परत मिळाले. ५६ नग मोजून घेतले. पोचपावतीवर "तपासणीच्या अधीन" असं लिहून मगच सही, कारण ट्रकवाला थांबलेला असताना सगळी खोकी उघडून होत नाहीत. एका समईचा दांडा वाकलेला निघाला. खोकं पॅकर्सनी बांधलेलं, म्हणून दावा बसतो: समई, खोकं आणि आतलं पॅकिंग यांचे फोटो काढले, खोकं टाकलं नाही, आणि विमा कंपनीला आजच ईमेल केला. तंबोऱ्याच्या तारा लगेच चढवायच्या नाहीत. मिरज-कोल्हापूरच्या पावसाळी हवेतून हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत आलेला भोपळा आठ-दहा दिवस तसाच ठेवायचा, घोडी बसवून रोज थोडा-थोडा ताण वाढवायचा.